मी आणलेलं गौरीचं फूल

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. आमचे अण्णा बारामतीत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि घरी येताना डब्याच्या फडक्यात गुंडाळून त्या दिवसाचं काहीतरी छापील आणायचे. दारूबंदीचं पत्रक, कुळांच्या सभेचं पत्रक, देवीची लस टोचून घ्या म्हणून काढलेलं पत्रक. आई त्याच कागदांनी डाळीच्या डब्यांची झाकणं घट्ट बसवायची. त्यामुळे आमच्या घरात तूरडाळ काढायला गेलं तरी कुणीतरी 'बंधूंनो, जागे व्हा' असं ओरडायचं. मला ते ओरडणं आवडायचं. जगातली प्रत्येक वाईट गोष्ट एका पानात, मोठ्या टाइपात मांडता येते आणि मांडली की ती मोडते, असं मला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत खरंच वाटत होतं.

हे लिहिते आहे ते त्या विसाव्या वर्षी मी केलेल्या एका गोष्टीबद्दल. ती करताना मी अन्यायाविरुद्ध लढत होते. मी जिंकलेसुद्धा. आणि माझ्या जिंकण्यानं एक तळं बुजत आलं.

माझी आत्या निमगाव केतकीच्या पलीकडं, कळंबच्या अंगाला एका लहान गावात दिलेली. निमगावला एस.टी.तून उतरायचं आणि तासभर चालायचं. गावाला एक जुनं तळं. पावसाचं पाणी आणि कालव्याच्या पाळीचं पाणी त्यात साठायचं, आणि बांधातल्या दगडी मोरीतून पाटानं खालच्या मळ्यांना जायचं. आधी वांगी-मिरचीचे वाफे, मग पेरूच्या बागा, आणि पाटाच्या अगदी टोकाला आत्याचा पानमळा. आतोबा वेलींच्या आधाराची शेवरीची झाडं छाटताना वरून पडले होते, तेव्हापासून त्यांना वाकता येत नव्हतं. ते बाजेवर बसून पानं मोजून त्यांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, लावायचे. बाकी सगळा मळा आत्या करायची. अंगठ्यावर लोखंडी नखी चढवून ती पानं खुडायला लागली की तिचा हात दिसायचा नाही, नुसता टक् टक् आवाज यायचा.

पानवेलीला तहान सोसत नाही. ऊस आठवडाभर रुसून बसतो आणि पाणी मिळालं की उठतो. पानवेल एकदा बसली की उठत नाही. त्यामुळे आत्याचं सगळं आयुष्य त्या मोरीला बांधलेलं होतं. मोरी वाहती तर मळा हिरवा, मळा हिरवा तर घरात चूल.

मळ्याभोवती कडब्याचा उंच कूड आणि त्याला एक बुटकं दार. पहिल्यांदा मी चपला घालून त्या दारातून आत शिरले, तेव्हा आत्यानं हाक मारली नाही. सरळ मागून येऊन माझी वेणी धरली.

"कुठं निघालीस पायताण घालून? देवघरात जातीस का अशी?"

"आत्या, हे शेत आहे."

"व्हय का? मग शेतात जा. हा मळा हाय."

चपला बाहेर गेल्या. दुसरा नियम त्याहून जाचक. महिन्याच्या त्या चार दिवसांत बाईनं मळ्याच्या सावलीलासुद्धा जायचं नाही. यावरून माझं आणि आत्याचं दर खेपेला भांडण व्हायचं, आणि दर खेपेला तिचं उत्तर एकच असायचं. "काढ की हँडबिल! आमच्या पानाच्या इरुद्ध काढलंस, आता आमच्या कुडाच्या इरुद्ध काढ." तंबाखू-पान सोडा असं एक पत्रक मी मॅट्रिकला असताना लिहिलं होतं. ते तिनं वाचून घेतलं होतं आणि कधीही विसरली नव्हती.

तळ्यात कमळं होती. भाद्रपदात गौरी बसल्या की ती कमळं गावात एकाच घरी जायची, आबांच्या. आबा म्हणजे गावातले वडीलधारे. तळ्याचा बांध त्यांच्या पणज्यानं घातला असं सांगायचे, म्हणून कमळाचा मान त्यांच्या घराला. बाकीच्या बायकांनी आपल्या गौरीला तेरडा वाहावा, झेंडू वाहावा. कुणाची तक्रार नव्हती. निदान मोठ्यानं नव्हती.

मी एकोणीस वर्षांची होते. सणाला आत्याकडे गेले होते. गौरीपूजनाच्या आदल्या दिवशी एक कमळ देठातून तुटून वाहत वाहत मोरीच्या तोंडाशी आलं आणि पाटानं थेट आत्याच्या मळ्यात उतरलं. आत्यानं ते दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि गौरीपुढं ठेवलं. संध्याकाळच्या आत आबा दारात उभे. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी मऊ आवाजात बोलले.

"वैनी, मानाचं फूल हाय. चुकून आलं असंल तुमच्याकडं."

आत्यानं कमळ उचलून दिलं. गौरीपुढचं उचलून दिलं. तिच्या हाताकडं मला बघवेना.

मी म्हटलं, "आबा, ते पाण्यानं आणून दिलंय. पाण्यावर कुणाचं नाव असतं का?"

"पाण्यावर न्हाय बाई," आबा म्हणाले, "बांधावर हाय." आणि कमळ धोतराच्या सोग्यात झाकून निघून गेले.

त्या रात्री मी ठरवलं की पुढच्या वर्षी आत्याच्या गौरीपुढं असं फूल ठेवायचं की आबांची कमळं त्यापुढं झाकोळून जातील. आणि ते कुणाच्याही मानाचं नसेल.

ते फूल मला बारामतीतच सापडलं. मी एका वकिलांच्या मुलीची शिकवणी घ्यायची. त्यांच्या बंगल्यापुढं सिमेंटचा हौद होता आणि त्यात पाण्यावर तरंगणारी रोपं. पानं गोल, तकतकीत. देठ मध्येच फुगलेले, चेंडूसारखे, आत भेंडासारखा हलका, हवेनं भरलेला गर. आणि मधून वर आलेला जांभळट फुलांचा तुरा. तुऱ्यातल्या प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर मोराच्या पिसावर असतो तसा डोळा, मध्ये पिवळा ठिपका. वकीलबाई म्हणाल्या, "हवी तेवढी न्या हो. माळी काढून काढून कंटाळलाय. याला मरणच नाही."

याला मरण नाही, हे मी गुण म्हणून ऐकलं.

वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून एक रोप मी एस.टी.त मांडीवर धरून नेलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, डब्यात मासा हाय का? मग त्याचंबी तिकीट पडंल." सगळी गाडी हसली. मीही हसले. तो डबा मी पुढच्या खिडकीतून फेकून दिला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

आत्यानं रोप पितळी घंगाळात सोडलं आणि घंगाळ गौरीपुढं ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याला पाच फुलं आली. अख्खा गाव बघायला आला. हळदीकुंकवाला आलेल्या बाया कुंकू लावून घ्यायचं विसरून घंगाळापाशी वाकायच्या. आबांची सून दोनदा येऊन गेली.

"आक्का, कुठलं हो हे?"

"भाचीनं आणलंय. कुणाच्या मानाचं न्हाय," आत्या म्हणाली. वर्षभर तिच्या पोटात असलेलं ते वाक्य होतं.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. गौरीपुढचं फूलपान म्हणजे निर्माल्य. ते पायाखाली येता कामा नये, जाळायचं नाही, उकिरड्यावर टाकायचं नाही. पाण्यात सोडायचं. आत्यानं ते रोप मुळांसकट तळ्यात सोडलं. तोवर त्याच्या कुशीला दोन पिलं फुटली होती. आम्ही दोघी बांधावर उभं राहून ते तरंगत जाताना बघत होतो आणि मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोडून काढल्याचं समाधान वाटत होतं.

बारामतीला परत येऊन मी पत्रक काढलं. अण्णांनी उरल्यासुरल्या पिवळ्या कागदावर ते छापून दिलं. 'गौरीचं फूल सर्वांचं' असा मथळा. मान कुणा एका घराचा नसतो, सौंदर्यावर कुणाची मालकी नसते, वगैरे सगळं होतं. आणि शेवटी मी भगिनींना सूचना दिली होती: ज्या घरी फूल नसेल त्या घरानं तळ्यावरून एक रोप न्यावं, आणि सण झाल्यावर ते पुन्हा तळ्यात सोडावं, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरीला मिळेल.

पुढच्या वर्षी खरंच प्रत्येक घरात ते होतं. माहेरवाशिणी डब्यात घालून सासरी घेऊन गेल्या. पत्रकाचा इतका उपयोग झालेला मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नाही.

त्या फुलाला गावात नाव नव्हतं. सगळे 'गौरीचं फूल' म्हणत. जलपर्णी हा शब्द मी नंतर एका सरकारी पुस्तिकेत वाचला.

आधी कमळं गेली. रोपं एकमेकांत हात अडकवून सरकत सरकत आली आणि कमळाच्या पानांवर चढून बसली. पानं खाली दबली, सडली. त्या भाद्रपदात आबांच्या गौरीला एकही कमळ मिळालं नाही. मी हसले. हे लपवत नाही.

मग भोई आला. तळ्यातली मासळी धरून निमगावच्या बाजारात विकणारा एकच माणूस गावात होता, वयानं माझ्या अण्णांएवढा. तो मला 'ताई' म्हणायचा आणि माझी पत्रकं मुद्दाम मागून घ्यायचा, मासे गुंडाळायला. त्यानं मला काठावर नेलं. पहाट नुकतीच सरली होती. रोपांच्या फटीफटीतून लहान लहान मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते.

"खाली काळोख झालाय, ताई," तो म्हणाला. "उजेड न्हाय, वारं न्हाय. मरळ तेवढी टिकंल, ती वरचा वारा घेती. बाकी समदी गेली. जाळं टाकलं तर मासं न्हाय येत, केस येत्यात." त्यानं जाळं उचलून दाखवलं. काळ्या, लांब, ओल्या मुळ्या. खरंच एखाद्या बाईचे केस धुऊन वाळत घातल्यासारख्या.

"मी काय करू, सांगा," मी म्हटलं.

"तुमी? तुमी आता फुलं आणू नका म्हंजे झालं."

तो हसत म्हणाला, पण त्याच हिवाळ्यात घर उचलून भीमेच्या काठाला गेला. जाताना माझ्याकडून पत्रकं मागितली नाहीत.

तिसऱ्या उन्हाळ्यात तळं दिसेनासं झालं. बांधावर उभं राहिलं की समोर पीक डोलतंय असं वाटायचं. एक म्हैस कुरण समजून आत गेली आणि मुळ्यांत पाय गुरफटून दिवसभर अडकून राहिली. डास इतके झाले की दिवसाही धूर करावा लागे. पाणी काळं पडलं आणि त्याला कुजका वास आला. काठचा लव्हाळा रोपांखाली दबून मेला. पानवेली शेवरीला बांधायला आत्या तोच लव्हाळा वापरायची. आता ती जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडून वेली बांधू लागली. मळ्यात सगळीकडं चिंध्यांच्या गाठी दिसायच्या, नवस केल्यासारख्या.

आणि मोरी तुंबली. मुळ्यांचे गठ्ठे दगडाच्या भोकात जाऊन बसायचे. आत्या आणि मी पालथ्या पडून खांद्यापर्यंत हात घालून ते उपसायचो. तासभर उपसलं की दोन तास पाणी चालायचं. वरच्या वाफ्यांना ते पुरायचं. टोकाला पोचेपर्यंत पाट नुसता ओला व्हायचा. वेली शेंड्याकडून पिवळ्या पडायला लागल्या. वैशाखात आत्यानं अर्धा मळा स्वतःच्या हातानं खणून काढला. उरलेल्या अर्ध्याला पाणी पुरावं म्हणून. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू बस. तुला न्हाय जमायचं." ते खणणं मला जमलं असतं. तिच्याजवळ उभं राहणं जमलं नसतं.

एवढं मात्र सांगते, आत्यानं मला एकदाही 'तू आणलंस' असं म्हटलं नाही. त्यामुळे ते मलाच म्हणावं लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा गावानं तळं उपटायला घेतलं. माणसं, बाया, सगळे. आबासुद्धा बांधावर बसून देखरेख करत होते. आठ दिवस रोपं ओढून ओढून बांधावर ढीग लावले. उन्हात वाळून त्यांचा नुसता पाचोळा झाला. पाणी दिसलं, तेव्हा बाया टाळ्या वाजवून हसल्या. मला वाटलं, सुटलो.

पण वरच्या कोपऱ्यात, झुडपांच्या आडोशाला, थोडी रोपं राहिली होती. भाद्रपद आला. प्रत्येक घरानं त्यातलं एकेक रोप आपल्या गौरीला नेलं. का नेऊ नये? आता ती रीतच झाली होती. तण उपटायला कुणाची ना नव्हती. पण गौरीपुढं तीन दिवस बसलेलं रोप तण राहत नाही, ते निर्माल्य होतं. आणि निर्माल्य पाण्यातच जाणार. प्रत्येक घरातून एक रोप, सबंध तळ्यावर पसरलेलं. एका रोपानं काय केलं ते मी पाहिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मोरी पुन्हा बंद झाली असती, आणि आत्याकडे खणून टाकायला दुसरा अर्धा मळा नव्हता.

मी बारामतीला धावले. पत्रक लिहिलं. मथळा लिहिला: 'ते फूल मी आणलं'. अण्णांनी वाचलं, चष्मा पुसला.

"चूक केलीस ना?"

"केली."

"मग मोठ्या टाइपात घेऊ. बारीक टाइपातली माफी लोक वाचत नाहीत."

विसर्जनाच्या दिवशी दुपार कलल्यावर मी बांधाच्या पायऱ्यांवर उभी राहिले. बाया येत होत्या. कमरेवर टोपली, टोपलीत पत्री, झेंडू आणि मधोमध ते रोप, अजून तुरा ताजा. मी पत्रक मोठ्यानं वाचलं. हे फूल मी आणलं, मी चुकले, हे पाण्यात सोडू नका, सोडलंत तर तळं मरेल. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. बाया थांबल्या. मला वाटलं, पटलं.

तेव्हा आबा उठले. त्यांनी कोपरीच्या खिशातून एक घडी केलेला पिवळा कागद काढला. मी तो रंग ओळखला.

"बाई, तुमचंच हाय. चार वर्सं जपून ठिवलंय," ते म्हणाले. आणि एकेक शब्द थांबून थांबून वाचलं, "'सण झाल्यावर ते पुन्हा तळ्यात सोडावं.' छापलेलं हाय. आता सांगा, कोन्तं खरं? पिवळं का पांढरं?"

हशा झाला. कुणीतरी मागून म्हणालं, "पुढच्या साली तांबडं येईल!"

"पांढरं खरं," मी ओरडले. "पिवळं लिहिलं तेव्हा मी अडाणी होते."

"मग आता शानी झालीस, हे कशावरून?"

त्याहून वाईट प्रश्न पुढं आला. आबांच्या सुनेनं विचारला, आणि टोमणा म्हणून नाही, खरंच विचारला. "पर ताई, मग टाकायचं कुठं?"

"जाळा."

हे मी म्हणाले. म्हणताक्षणी कळलं की संपलं. सगळ्या टोपल्या एकदम अंगाशी ओढल्या गेल्या. "गौरीचं जाळ म्हनती!" एक म्हातारी म्हणाली. "आगं, जिभंला काय हाड?" बाया पायऱ्या उतरायला लागल्या. माझ्या हातात तीस-चाळीस पांढरी पत्रकं होती आणि त्यातल्या एकातही, कुठं टाकायचं, एवढं साधं लिहिलेलं नव्हतं.

आत्या सगळ्यांच्या मागं उभी होती. तिच्याही कमरेवर टोपली होती. ती पायऱ्यांकडं आलीच नाही. बांधावरून वळली आणि पाटाच्या कडेनं खाली मळ्याकडं चालू लागली.

"आक्का, कुठं वं?"

"मळ्यात."

"निर्माल्य घिऊन?"

आत्या थांबली. ती चारचौघांत बोलणारी बाई नव्हती. तळ्याच्या वरच्या अंगाला, उघड्या पाण्यात, गावच्या म्हशी नेहमीसारख्या डुंबत होत्या. आत्यानं त्यांच्याकडं हात केला.

"तुमच्या तळ्यात म्हशी बसत्यात. माज्या मळ्यात पायताण येत न्हाय, इटाळ येत न्हाय. आता तुमीच सांगा, सोवळं कुठलं?"

मग आबांची सूनच फिसकन हसली आणि पदर तोंडाला लावला.

आत्या गेली. मी मागं धावले. दाराशी मी चपला काढल्या, कुणी न सांगता. जिथून अर्धा मळा खणून काढला होता तिथं चर कोरडे पडले होते. आत्यानं निर्माल्य चरात ठेवलं, रोप उलटं केलं, मुळ्या वर, आणि हातानं माती लोटली. वर हळदकुंकू वाहिलं. मागं पावलं वाजली. एक बाई, मग तिची जाऊ, मग चौघी. कुडाबाहेर पायताणांचा ढीग लागला. जी म्हातारी माझ्या जिभेची चौकशी करत होती ती चराशी बसून म्हणाली, "हितं बरं वाटतंय गं. सावली हाय."

दोन बाया मात्र दाराबाहेरच थांबल्या. त्यांनी आपल्या टोपल्या दुसरीच्या हाती दिल्या. का थांबल्या ते सगळ्यांना कळलं. मला त्याचा संताप आला, आणि आजही येतो. ज्या नियमानं तळं वाचलं त्याच नियमानं त्या दोघींना बाहेर उभं केलं होतं. आत्याला मी ते तिथंच सांगितलं. ती माती लोटत म्हणाली, "आज एक भांडण पुरं. उंद्या ये."

मी परत तळ्यावर आले तेव्हा आबा एकटे पायरीवर होते. सुनेनं टोपली मळ्यात नेली होती, पण तिच्यातलं रोप त्यांनी आधीच काढून स्वतःच्या हातात घेतलं होतं. मला पाहून त्यांनी ते हात मागं नेऊन जोरात भिरकावलं. ते लांब, खोल पाण्यात पडलं, जिथं पूर्वी कमळं असायची.

मी पदर खोचला आणि पाण्यात उतरले. गुडघा, कंबर, छाती. तळाचा चिखल पायाला धरत होता. मला पोहता येत नाही. रोप हाताला लागलं तेव्हा पाणी हनुवटीला टेकलं होतं.

"देवाचं हाय ते!" आबा ओरडले.

"देवाकडंच नेते आहे."

"लाज न्हाय वाटत? बाईची जात, अशी पान्यात..."

"वाटते की. दोन वर्षं वाटतेय, आबा. म्हणून तर उतरले."

मी त्यांच्या समोरून निथळत वर आले आणि ते रोप मळ्यात नेऊन पुरलं.

त्यानंतर तळं साफ झालं, असं मी लिहिणार नाही. कोपऱ्यातली रोपं अजून डोकं काढतात. दर पंधरवड्याला बाया उपटतात, आत्या हजेरी घेते. कमळ परत आलेलं नाही. भोईही आलेला नाही. माहेरवाशिणींनी नेलेली रोपं दोन गावांच्या विहिरींत आणि एका ओढ्यात पसरली आहेत. तिथं मी जाते, पांढरं पत्रक घेऊन. आता त्यात पहिल्या ओळीत 'मी आणलं' असतं आणि दुसऱ्या ओळीत 'कुठं टाकायचं' असतं. लोक हसतात. 'आलं बघा गौरीचं फूल,' असं मला म्हणतात. म्हणू देत. कुडाच्या दुसऱ्या नियमाविरुद्धचं पत्रकही अण्णांच्या खिळ्यांत लागलं आहे. ते मी पहिल्यांदा आत्यालाच देणार आहे.

मोरी वाहते. अर्धा मळा हिरवा आहे आणि खणलेल्या चरांत, निर्माल्यावर, आत्यानं गेल्या वर्षी नव्या वेली लावल्या. त्या शेवरीच्या निम्म्यापर्यंत चढल्या आहेत.

आबांनी मात्र हार मानलेली नाही. दर विसर्जनाला ते एक रोप स्वतः तळ्यात टाकतात आणि दर विसर्जनाला मी ते त्यांच्यासमोर बाहेर काढते. आधी निरोप येतो, "त्या पत्रकवालीला सांगा, आमच्या घरचं निर्माल्य तळ्यातच जानार." मी उलटा निरोप पाठवते, "सांगा, मी पाण्यात उभी असेन."

पहिल्या वर्षी मला हनुवटीपर्यंत जावं लागलं होतं. दुसऱ्या वर्षी कमरेपर्यंत. यंदा आबा पायरीवर आले, माझ्याकडं रागानं बघितलं, हात मागं नेला, आणि रोप माझ्यापासून दोन हातांवर टाकलं. तिथं पाणी गुडघ्याएवढंसुद्धा नव्हतं.